दहा फूट

आम्हाला बास्केटबॉल शिकवणारे अण्णा स्वतः पाच फूट पावणेदोन इंच उंच होते. त्यातले पावणेदोन इंच सोडायला ते कधीच तयार नसत. कुणी सहज बोलण्याच्या ओघात त्यांना पाच फुटांत बसवलं, की ते शर्टाच्या खिशातून सहा इंची पोलादी पट्टी काढत, अंगठ्याच्या नखाने तिच्यावर पावणेदोनची खूण दाखवत आणि विचारत, 'आणि एवढा मी कुठं गेलो?' सहा-सव्वासहा फुटांची आमची पोरं त्यांच्यासमोर मान खाली घालून उभी असत. अण्णा बुटके म्हणून मान खाली घालावी लागते, असं आम्ही एकमेकांना सांगायचो. खरं म्हणजे आम्ही त्यांना टरकून होतो.

अण्णा बंगळूरमधल्या एका सरकारी कारखान्यात तपासणी खात्यात होते. माझे बाबा त्याच कारखान्यात इंजिनिअर, त्यामुळे अण्णांची कीर्ती मला कॉलेजात जाण्याआधीच ठाऊक होती. एकदा अण्णांनी केसाएवढ्या फरकापायी दोन दिवसांचं सगळं काम नापास करून परत पाठवलं. मोठे साहेब स्वतः खाली आले, चालवून घ्या म्हणाले. अण्णांनी मापाचं गेज साहेबांच्या हातात ठेवलं आणि सांगितलं, 'तुम्ही घालून बघा, सार.' साहेबांनी घालून पाहिलं. गेलं नाही. बाबा ही हकीकत चिडून सांगायला सुरुवात करत आणि शेवटाकडे आले की त्यांचाच आवाज खाली यायचा.

साडेतीनला पहिली पाळी सुटे आणि सव्वाचारच्या आत अण्णांची सायकल आमच्या कॉलेजच्या कोर्टाला टेकलेली असे. इस्त्रीची खाकी पँट, पांढरा खडू लावलेले कॅनव्हासचे बूट, मागे कॅरिअरला बांधलेली एक कापडी पिशवी. आल्या आल्या ते आमची नखं तपासत, मग चेंडू. चेंडू डोक्याच्या उंचीवरून सोडायचा आणि तो कमरेला आला पाहिजे. कुणाच्या डोक्याच्या, हा प्रश्न एका नव्या मुलाने विचारला होता. त्याला पंधरा फेऱ्या पडल्या.

सराव संपला की समोरच्या हॉटेलात कॉफी. बंगळूरमध्ये एक कॉफी दोघांत वाटून घेतात, तिला 'बाय-टू' म्हणतात. अण्णा एकटे असले तरी बाय-टूच मागवत. अर्धी लगेच पीत आणि दुसरी अर्धी समोर तशीच ठेवून दहा मिनिटं आम्हाला आमच्या चुका सांगत. मग ती गार झालेली कॉफी एका घोटात संपवून उठत. कुणाची वाट बघायचे की काय, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

टीममध्ये माझा नंबर बारावा. म्हणजे मी बाकावर बसायचो. मला ठेवून घेतलं होतं ते मराठीसाठी, असं बाकीचे चिडवायचे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. अण्णांचं घराणं बंगळूरला येऊन तीनशे वर्षं झाली होती आणि आम्ही पुण्याहून येऊन सहा. माझी मराठी त्यांना छापील वाटे. त्यांच्या मराठीत 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'ठीक आहे'साठी 'सरी' असे कन्नड शब्द इतके मुरले होते की ते परके आहेत हे त्यांना खरंच वाटत नसे. टीमशी ते कन्नडमध्ये बोलत आणि माझ्याशी मराठीत. राग मात्र सगळ्यांवरचा ते मराठीतच काढत, त्यामुळे बाराजणांच्या वाटणीच्या शिव्या मी एकट्याने ऐकल्या आहेत.

त्यांनी माझ्याकडे एक वही दिली होती. इतर टीमच्या वहीत कुणी किती बास्केट केले ते लिहितात. आमच्या वहीत फक्त चुकलेले नेम असत. चेंडू रिंगला कुठे लागून बाहेर आला, पुढे, मागे, डावीकडे की उजवीकडे, याची प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे खूण करायची. आत पडलेल्या चेंडूकडून काय शिकणार, असं अण्णांचं म्हणणं. त्याच वहीत फाऊलचा एक रकाना होता, आणि त्या रकान्याबद्दल अण्णा देवपूजेइतके कडक होते.

त्या काळी नियमच होता, की पंचाने फाऊल दिला की ज्याने तो केला त्याने हात वर करायचा, म्हणजे टेबलावरच्या माणसाला नाव लिहिता येतं. बाकीच्या टीमची मुलं कान खाजवल्यासारखा हात अर्धवट उचलायची. अण्णांच्या टीममध्ये कोपर कानाला लागलं पाहिजे, नजर टेबलाकडे पाहिजे, आणि लिहून होईपर्यंत हात खाली यायचा नाही. 'हात वर केला की फाऊल तिथंच संपला,' ते म्हणत. 'नाही केला तर तो अंगाला चिकटून घरी येतो.' पुढे पुढे ही सवय कोर्टाबाहेरही गेली. उशिरा आलास, हात वर. खोटं बोललास, हात वर. एकदा मी घरी दूध सांडलं आणि आईसमोर कोपर कानाला लावून उभा राहिलो. आईला वाटलं काखेत गाठ आलीय. अण्णांचा स्वतःचा हात मात्र कधी वर गेलेला कुणी पाहिला नव्हता. तशी वेळच येत नसे.

आमच्या कोर्टावरच्या दोन्ही रिंगा अण्णांनी स्वतः बसवल्या होत्या. बरोबर दहा फूट. ओळंबा सोडून, पट्टी लावून, सगळं तपासून त्यांनी बोल्टांवर लाल रंगाचा ठिपका दिला होता. कारखान्यात पास झालेल्या मालावर देतात तसा. त्या ठिपक्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती, आणि रिंगेला लोंबकळणारा मुलगा आठवडाभर घरी बसे. खालचं कोर्ट मात्र जुनं, फुटकं होतं. त्यासाठी अण्णांनी वर्षानुवर्षं अर्ज केले. शेवटी मी कॉलेजात आलो त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात जुन्या कोब्यावर सिमेंटचा नवा कोबा पडला. पंधरा दिवस सकाळ-संध्याकाळ येऊन अण्णांनी त्यावर स्वतः पाणी मारलं, असं शिपाई सांगायचा.

नव्या कोर्टावर आमचं नशीबच फिरलं. दोन वर्षांत आम्ही घरच्या मैदानावर एकही मॅच हरलो नाही. आलेल्या टीमचे चांगले चांगले नेमबाज रिंगेच्या मागच्या बाजूला चेंडू आपटून परत जायचे. अण्णा त्याला या जागेची पुण्याई म्हणत. बाहेर गेलं की मात्र आम्ही हातातल्या मॅचा घालवायचो.

मी सांगतोय तो मोसम माझ्या दुसऱ्या वर्षाचा, नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचा. शहरातल्या आठ कॉलेजांची साखळी स्पर्धा, प्रत्येकाशी दोनदा, एकदा घरी आणि एकदा त्यांच्याकडे. अकरा वर्षांत अण्णांच्या टीमला चषक मिळाला नव्हता. आणि पुढच्या जूनपासून कॉलेज डिप्लोमावाला क्रीडाशिक्षक नेमणार होतं, म्हणजे अण्णांचं हे शेवटचं वर्ष. ते कधी बोलले नाहीत, पण त्या वर्षी कॉलेजच्या चषकांच्या कपाटातल्या मोकळ्या फळीवरची धूळ त्यांनी दोनदा पुसलेली मी पाहिली.

बाहेर हरलो की प्रायश्चित्त ठरलेलं होतं: चालत परत यायचं. अण्णा सायकल हातात धरून पुढे, आम्ही मागे. एका रविवारी सकाळी व्हाइटफील्डला हरलो. व्हाइटफील्ड तेव्हा शहराबाहेरचं गाव होतं, रस्त्याला दोन्ही बाजूंनी शेतं. भर उन्हात दोन तास चाललो तेव्हा एकाला चक्कर आली. मग अण्णांनी आम्हाला बसमध्ये बसवलं, पण स्वतः सायकलवर बसले नाहीत. संध्याकाळी मी वही द्यायला चामराजपेटला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा ते नुकतेच पोहोचून पायाला तेल चोळत बसले होते.

बाहेर आम्ही का हरतो याचं निदानही ठरलेलं होतं: भीती. दुसऱ्याच्या अंगणात तुमचे गुडघे वाकत नाहीत, मनगट आखडतं, चेंडू तोकडा पडतो. आणि चेंडू खरंच तोकडा पडायचा. या निदानाचा सगळ्यात मोठा बळी म्हणजे आमचा कॅप्टन देवय्या. कोडगूकडचा, म्हणजे कूर्गचा, वडील हवाई दलात, घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, येलहंकाला. फार कमी बोलायचा, आणि त्याच्यासारखा नेमबाज मी पुन्हा पाहिला नाही. बंगळूरमधल्याच शिवाजीनगरजवळच्या एका कॉलेजात शेवटच्या मिनिटाला त्याला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही रिंगेच्या पुढच्या कडेला लागून बाहेर आले आणि आम्ही हरलो. अण्णांनी सगळ्यांसमोर त्याला विचारलं, की एवढी भीती वाटते तर खेळतोस कशाला. कॅप्टनपण काढून घेतलं.  देवय्याने अंगातली जर्सी काढली, नीट घडी केली, अण्णांच्या सायकलच्या कॅरिअरवर ठेवली आणि बनियनवरच समोरच्या येलहंका बसमध्ये चढला.

तो परत आला नाही. अण्णांनी त्याचं नावही काढलं नाही. तरीही कशाबशा मॅचा जिंकत आम्ही अशा जागी पोहोचलो, की शेवटची मॅच जो जिंकेल त्याचा चषक. ती मॅच होती आमच्या कोर्टावर, शनिवारी. म्हणजे चषक खिशात असल्यासारखाच होता.

सोमवारी सरावानंतर मी बाकावर वही पुरी करत बसलो होतो. चुकांची बेरीज करता करता मला काहीतरी खटकलं. घरच्या मॅचमध्ये खुणा सगळीकडे विखुरलेल्या होत्या. बाहेरच्या मॅचमध्ये सगळ्या पुढच्या रकान्यात. एकट्या देवय्याच्या नाही, मैदानात उतरणाऱ्या नऊच्या नऊ खेळाडूंच्या. त्यात आमचा एक धिप्पाड गडी होता, जो मॅचच्या आधी समोरच्या टीमचा डबा खाऊन यायचा. त्याला कसलीच भीती नव्हती. मी वही घेऊन अण्णांकडे गेलो. 

'नऊ जणांची भीती एकाच मापाची कशी असेल, अण्णा?' मी विचारलं.

अण्णांनी चष्मा लावला. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं. त्यांचं बोट पुढच्या रकान्यावरून खाली सरकत गेलं आणि मध्येच थांबलं. मला नंतर बाबांनी समजावलं, की नऊ कारागिरांचा माल एकाच बाजूला तेवढाच चुकला, तर कारागिरांना कुणी बोलत नाही. तिथे गेज तपासतात. अण्णांनी हेच काम तीस वर्षं केलं होतं. त्यांना पुढचं सांगावं लागलं नाही. त्यांनी सायकलच्या पिशवीतून ओळंबा काढला, मला शिपायाकडून शिडी आणायला सांगितलं आणि स्वतः वर चढले. लाल ठिपका जागच्या जागी होता. रिंग जिथे बसवली होती तिथून तसूभर हलली नव्हती. त्यांनी ओळंबा खाली सोडला, दोरीवर नखाने खूण धरली, उतरून दोरी जमिनीवर पसरली आणि पट्टीने मोजली. मग दुसरी रिंग. मग शिडीच्या खालच्या पायरीवर बसले.

'सव्वादोन इंच,' ते म्हणाले. 'रिंग खाली आली नाही रे. जमीन वर आली. आणि पाणी मीच मारत होतो तिला.'

दहा फूट खालून मोजायचे असतात, आणि खालचा कोबा सव्वादोन इंच जाड होता. कारखान्यात एक केस न सोडणाऱ्या माणसाने एकदा पास केलेली वस्तू पुन्हा मोजली नव्हती, कारण ती त्याने स्वतः पास केली होती. दोन वर्षं आम्ही बुटक्या रिंगेवर शिकलो, बाहेर खऱ्या रिंगेवर तोकडे पडलो आणि भित्रे ठरून उन्हात चाललो. मला वाटलं अण्णा आता मोडून जातील. मोडले नाहीत. त्यांनी उठून शर्ट झटकला आणि मला विचारलं, देवय्याचं घर दाखवशील का.

त्याआधी मंगळवारी ते कारखान्यातून अर्धी रजा टाकून आले आणि दोन्ही रिंगा चढवल्या. बोर्डाला नवी भोकं पाडली, बोल्ट आवळले, चार वेळा मोजलं. आमच्या टीमने आधी चढवून झालेल्या रिंगेवर चेंडू टाकून पाहिले, आणि नव्या उंचीवर आमचे नेम जागेवर येतच नव्हते. नवा कॅप्टन धीर करून म्हणाला, शनिवारनंतर चढवा; रिंग दोन्ही टीमला सारखीच आहे, यात फसवणूक कुठे आहे? मलाही ते पटलं होतं. आजही तसं चुकीचं वाटत नाही. अण्णा शिडीवरूनच म्हणाले, 'कप बास्केटबॉलचा आहे. बास्केटबॉल दहा फुटांवर असतो.' एवढंच. मग स्पर्धेच्या सेक्रेटरीकडे जाऊन त्यांनी आमचे दोन वर्षांचे घरचे सगळे विजय रद्द करायची तयारी दाखवली. सेक्रेटरींनी त्यांना कॉफी पाजून परत पाठवलं. ती पूर्ण कॉफी होती, आणि अण्णांनी ती अर्धीच प्यायली.

बुधवारी अण्णांनी पुन्हा अर्धी रजा टाकली आणि दुपारी आम्ही शिवाजीनगरहून बस पकडून येलहंकाला गेलो.  वाटेत अण्णा पिशवी मांडीवर धरून खिडकीबाहेर बघत होते. देवय्याचं घर म्हणजे हवाई दलाच्या लोकांची बैठी वस्ती, पुढे छोटं फाटक. मी हाक मारली. देवय्या बाहेर आला आणि अण्णांना बघून फाटकाच्या आतच थांबला. त्याचे वडील व्हरांड्यात पेपर वाचत होते, तेही उठून उभे राहिले.

अण्णांनी पिशवी खाली ठेवली. टाचा जुळवल्या. आणि उजवा हात वर केला. कोपर कानाला, बोटं आभाळाकडे.

 देवय्या बघत राहिला. त्याचे वडील बघत राहिले. हात खाली येईना. त्या पाच फूट पावणेदोन इंचांच्या माणसाचा हात उन्हात तसाच वर राहिला, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लिहून होईपर्यंत हात खाली घ्यायचा नाही, हा त्यांचाच नियम होता, आणि वही माझ्याकडे होती. मी घाईघाईने दप्तरातून वही काढली, खेळाडूंच्या यादीखाली 'अण्णा' असं लिहिलं, फाऊलच्या रकान्यात एक खूण केली आणि वही त्यांना दिसेल अशी धरली.

'सरी,' अण्णा म्हणाले आणि हात खाली घेतला.

मग ते देवय्याशी कन्नडमध्ये बोलले. कोबा, सव्वादोन इंच, वहीतल्या खुणा, सगळं सांगितलं, आपली बाजू न घेता. शेवटी म्हणाले, भीती तुझ्यात नव्हती, चूक माझ्या मापात होती. पिशवीतून त्यांनी जर्सी काढली. ती धुतलेली होती, इस्त्री केलेली होती, आणि घडी देवय्याने घातली होती तशीच पुन्हा घातलेली होती. देवय्याने फाटक उघडलं. त्याच्या आईने आम्हाला जेवायला ठेवून घेतलं. मी त्या दिवशी फारसा जेवलो नाही.  एवढा मोठा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो माझ्या शेजारी बसून ताकातला भात खात होता.

शनिवारी कॉलेजचा कठडा माणसांनी भरला होता. अर्ध्या वेळेपर्यंत आमची दैना झाली. चेंडू जाळीला लागत नव्हता. आमचा फायदा आम्ही स्वतःच्या हाताने काढून टाकलाय हे फक्त आम्हाला माहीत होतं, आणि समोरची टीम नव्या उंचीवर मजेत खेळत होती, कारण ती त्यांच्या घरचीच उंची होती. दुसऱ्या भागात देवय्याचं मनगट हळूहळू नव्या मापाला आलं. एकेक बास्केट करत तो आम्हाला एका पॉइंटाच्या फरकापर्यंत घेऊन आला. शेवटच्या क्षणी त्याने उजव्या कोपऱ्यातून नेम धरला. चेंडू रिंगेवर फिरला, डाव्या कडेला टेकला आणि बाहेर पडला. आम्ही एका पॉइंटाने हरलो. दोन वर्षांत पहिल्यांदाच, आमच्याच कोर्टावर.

समोरची मुलं नाचत होती. अण्णांनी जाऊन प्रत्येकाशी हात मिळवला. मग कोर्टाच्या कडेला माझ्याशेजारी येऊन बसले आणि वही मागितली. माझा सगळा राग वर आला होता. एवढं करून काय मिळालं, असं मला विचारायचं होतं. अण्णांनी चष्मा लावला आणि त्या दिवसाच्या खुणांवरून बोट फिरवलं. पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे. खुणा सगळीकडे विखुरलेल्या होत्या. देवय्याची शेवटची खूण डावीकडची होती. अण्णांचं बोट त्या खुणेवर थांबलं. मी त्यांना अकरा वर्षांनी हाताशी आलेला चषक गेल्यावर रडताना बघायची तयारी केली होती. ते हसत होते.

'बघ,' ते म्हणाले. 'आता माणसं चुकताहेत.'

बाहेर हरलं तर चालत यायचं, हा नियम होता. घरी हरलं तर काय, याचा नियम नव्हता, कारण आम्ही आल्यापासून तशी वेळ आली नव्हती. अण्णांनी ओळंब्याची पिशवी कॅरिअरला बांधली, सायकलचा स्टँड काढला आणि तिच्यावर न बसता ती हाताने ढकलत चामराजपेटच्या दिशेने निघाले. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि मागून चालायला लागलो. देवय्याचं घर बरोबर उलट्या बाजूला होतं. तो पुढे गेला, अण्णांच्या हातातून सायकल काढून घेतली आणि त्यांच्या दारापर्यंत ढकलत नेली.